बॅराज बलून उडवणाऱ्या महिला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या शहरांवर चंदेरी रंगाचे अवाढव्य फुगे तरंगत असत. १९४१ पासून त्यातले बरेच फुगे तरुण मुलींनी सांभाळले. या मुलींबद्दल वाचक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. कोणतंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. बॅराज बलून म्हणजे काय? त्यात माणसं बसायची का?

नाही. त्यात कुणीही बसत नसे. बसून उडायचे फुगे वेगळे, टेहळणीचे फुगेही वेगळे. बॅराज बलून हा पोलादी तारेने जमिनीला बांधलेला, माणूस नसलेला फुगा. ब्रिटनमध्ये सर्वाधिक वापरला गेलेला नमुना सुमारे ६२ फूट लांब आणि २५ फूट व्यासाचा होता. त्यात १९ हजार घनफुटांच्या आसपास हायड्रोजन मावत असे. कापड सुती, त्यावर रबराचा लेप, आणि बाहेरून ॲल्युमिनियमचा मुलामा. चंदेरी दिसायचा तो त्या मुलाम्यामुळे.

आतून फुग्याचे दोन भाग असत. वरच्या मोठ्या भागात हायड्रोजन आणि खालच्या कप्प्यात साधी हवा, मध्ये लवचीक पडदा. फुगा वर गेला की हायड्रोजन प्रसरण पावतो, पडदा खाली ढकलतो आणि हवा बाहेर पडते. खाली आला की वाऱ्याच्या झोताने तो कप्पा पुन्हा भरतो. त्यामुळे फुग्याचा आकार टिकून राहायचा. शेपटीला तीन मोठे पंख होते. तेही हवेनेच फुगत आणि फुग्याचं तोंड वाऱ्याकडे ठेवत.

२. नुसत्या फुग्याने बाँबफेकी विमान अडतं कसं?

अडवायची ती तार. फुगा तिला वर धरून ठेवायचा, एवढंच त्याचं काम. ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाने येणाऱ्या विमानाच्या पंखाला ती तार लागली, तर पंख कापला जाऊ शकतो. पुढे तारेला स्फोटक जोड बसवण्यात आले. विमान तारेला धडकलं की वर आणि खाली अशा दोन ठिकाणी तार तुटायची, तो तुकडा विमानालाच अडकून राहायचा आणि त्याच्या दोन्ही टोकांना पॅराशूट उघडायची. त्या ओढीने विमानाचा वेग इतका घटायचा की ते कोसळे.

पण किती विमानं पाडली, या एका आकड्याने फुग्यांचं मोल करू नये. फुगे साधारण पाच हजार फुटांपर्यंत चढवले जात. म्हणजे वैमानिकाला त्याच्या वरूनच उडावं लागे. उंचावरून टाकलेला बाँब नेमका पडत नाही. सूर मारून हल्ला करणाऱ्या विमानांना तर खाली उतरणंच अशक्य व्हायचं. शिवाय विमानं एका ठरावीक उंचीच्या वर राहिली, की विमानविरोधी तोफांना नेम धरणं सोपं जायचं. कारखाना, बंदर किंवा पूल वाचला याचा अर्थ फुग्याने काम केलं, मग तारेला एकही विमान अडकलेलं नसो.

३. हे फुगे कोणाच्या ताब्यात होते? महिला तिथे कधी आल्या?

फुगे ब्रिटिश हवाई दलाच्या बलून कमांडकडे होते. हा विभाग नोव्हेंबर १९३८ मध्ये स्थापन झाला आणि त्याचं मुख्यालय लंडनजवळ स्टॅनमोरला होतं. महिलांचं दल वेगळं होतं. विमेन्स ऑक्झिलरी एअर फोर्स, सगळे त्याला ‘वॅफ’ म्हणत. हे दल २८ जून १९३९ रोजी उभं राहिलं आणि कॅथरीन ट्रेफ्युसिस-फोर्ब्स त्याच्या पहिल्या संचालक झाल्या.

सुरुवातीला वॅफमधल्या मुलींचा फुग्याशी संबंध फक्त कापडापुरता होता. हँगरमध्ये, म्हणजे फुगे ठेवायच्या मोठ्या शेडमध्ये, फाटलेले फुगे शिवणं, ठिगळं लावणं, लेप देणं, बारीक भोकं शोधणं ही कामं त्यांच्याकडे असत. मैदानावर फुगा उडवणं हे पुरुषांचं काम मानलं जाई. १९४१ पर्यंत तसंच चाललं.

४. मग हे काम महिलांना द्यायचं कोणाच्या डोक्यात आलं? विरोध झाला का?

गरजेने आलं. १९४० च्या अखेरीस हवाई दलाला माणसं कमी पडत होती आणि फुग्यांवर हजारो तगडे तरुण गुंतले होते. जानेवारी १९४१ मध्ये बलून कमांडचे प्रमुख लेस्ली गॉसेज यांना विचारणा झाली: पुरुषांच्या जागी वॅफच्या मुली घेता येतील का?

शंका पुष्कळ होत्या, आणि सगळ्याच काही पूर्वग्रहातून आलेल्या नव्हत्या. काम चोवीस तासांचं, उघड्यावरचं. ओला दोरखंड, थंडी, चिखल, मध्यरात्री येणारे आदेश. वाऱ्यात फुगा धरून ठेवायला अंगात ताकद हवी. मैदानं गावाबाहेर, कारखान्यांच्या आवारात, कुठे कुठे साधा संडासही नाही. मुलींना तिथे ठेवायचं कसं, हा प्रश्न खरा होता. ‘त्यांना हे झेपणार नाही’ हे मात्र करून पाहण्याआधीच ठरवलं गेलं होतं.

म्हणून करून पाहिलं गेलं. एप्रिल १९४१ मध्ये कापडकाम करणाऱ्या मुलींपैकी वीस स्वयंसेविका निवडून त्यांना प्रत्यक्ष फुगा हाताळायला शिकवण्यात आलं. प्रयोग जमला. त्याच वर्षी रीतसर भरती आणि प्रशिक्षण सुरू झालं. मला या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की पहिल्या वीसजणींना फुगा आतूनबाहेरून माहीत होता. त्याची शिवण कुठे उसवते, झडप कुठे अडते, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं.

५. प्रशिक्षण कुठे व्हायचं? काय शिकवत?

मुख्य केंद्र बेडफर्डजवळ कार्डिंग्टनला. तिथे आधी हवाई जहाजं, म्हणजे वायूने तरंगणारी आणि इंजिनाने चालणारी अवाढव्य यानं, बांधली जात. १९३० मध्ये फ्रान्समध्ये कोसळलेलं आर-१०१ तिथलंच. त्या प्रचंड शेड्समध्ये फुगे फुगवून ठेवायला जागा होती.

मुलींना दोर आणि पोलादी तार जोडणं, वेगवेगळ्या गाठी मारणं, विंच (तार सोडणारं आणि गुंडाळणारं यंत्र) चालवणं, हायड्रोजन भरणं आणि त्याची शुद्धता तपासणं, वाऱ्याचा अंदाज घेणं, कापड दुरुस्त करणं असं सगळं काही आठवड्यांत शिकावं लागे. गाठीचा सराव अंधारातही चाले, कारण युद्धकाळात रात्री दिवे लावायचे नसत. पोलादी तारेची टोकं गुंफताना हात सोलून निघत.

६. फुगा वर सोडायचा म्हणजे प्रत्यक्षात काय काय करावं लागे?

आधी मैदान. मध्यभागी काँक्रीटच्या ठोकळ्यांत लोखंडी कड्या, भोवती वाळूची पोती. कडेला विंच बसवलेली लॉरी. चालक लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात बसायची, कारण ताणलेली तार तुटली तर चाबकासारखी मागे येते आणि माणूस मरू शकतो. हायड्रोजनची नळकांडी वेगळ्या ट्रेलरवर, फुग्यापासून अंतरावर.

नवीन फुगा भरायचा तर आधी ताडपत्रीवर कापड पसरायचं. त्यावर खडा, खिळा, काहीही राहू द्यायचं नाही. नळ्या जोडून हायड्रोजन सोडायचा. कापड हळूहळू उठू लागलं की सगळ्या बाजूंनी दोर धरून, पोती अडकवून ते आवरायचं. या वेळी वारा फिरला तर अर्धवट भरलेला फुगा आडवा होतो आणि दोर धरलेल्या मुलींना ओढत नेतो. म्हणून तुकडीप्रमुखाच्या हुकमावर सगळ्यांनी एकाच वेळी धरायचं, एकाच वेळी सोडायचं. आसपास विडी-काडी तर नाहीच, बुटाच्या टाचेला खिळाही चालत नसे. हायड्रोजनला ठिणगी पुरते.

भरलेला फुगा तारेला जोडला की विंचवाली ढील देऊ लागे. किती उंच सोडायचा हे केंद्रावरून फोनवर कळे. त्या उंचीवर तो दिवसभर राहील असंही नाही. ढग आले, वीज चमकू लागली, आपली विमानं जायची असली, की खाली घ्या. धोक्याचा भोंगा झाला की पुन्हा वर. एका रात्रीत दोन-तीनदा चढउतार व्हायची. दर दिवशी गॅस तपासायचा, कमी झाला असेल तर आणखी भरायचा, तार पुसून ग्रीस लावायचं, दोर वाळवायचे, विंचच्या इंजिनची निगा राखायची.

खाली आणलेला फुगा जमिनीशी बांधून ठेवणं हे त्याहून अवघड. त्याबद्दल प्रश्न ८ पाहा.

७. दहा पुरुषांच्या जागी सोळा महिला लागल्या असं वाचलं. मग काम झेपत नव्हतंच ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि बहुतेक वेळा पाठवणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं.

आकडा खरा आहे. पुरुषांच्या तुकडीत दहाच्या आसपास माणसं असत आणि महिलांच्या तुकडीत चौदा ते सोळा. काही कामांना जास्त हात लागले हेही खरं. वाऱ्यात ६२ फुटांचा फुगा ओढताना वजन आणि पकड यांना किंमत असतेच. ते नाकारून काही साधत नाही.

पण प्रयोगाचा हेतू काय होता ते पाहा. प्रति माणशी खर्च वाचवायचा नव्हता. लढाईवर, परदेशातल्या तळांवर, विमानांच्या देखभालीसाठी पुरुष हवे होते आणि ते फुग्यांवर अडकले होते. १९४२ च्या अखेरीस फुग्यांवर पंधरा हजारांच्या वर महिला काम करत होत्या आणि त्यामुळे सुमारे दहा हजार पुरुष मोकळे झाले. देशाचा हिशेब या दुसऱ्या आकड्याशी होता. ब्रिटनकडे त्या वर्षी तरुण पुरुष कमी होते, काम करायला तयार मुली मात्र होत्या.

दुसरं असं की त्या सोळाजणी काही एकदम दोर धरून उभ्या नसत. त्यातच पहारा, स्वयंपाक, विंच, टेलिफोन, रजेवर गेलेल्या आणि आजारी मुली हे सगळं बसवायचं असे. मैदान चोवीस तास चालवायचं होतं. मला विचाराल तर आश्चर्य याचं वाटतं की आकडा सोळावर थांबला. ज्या मुली काही महिन्यांपूर्वी दुकानात, गिरणीत, लोकांच्या घरी कामाला होत्या, त्यांनी एवढ्या थोड्याच जादा हातांत हे काम उचललं. त्याच काळात यंत्रसामग्रीही सुधारत गेली आणि निव्वळ ओढाताण कमी झाली. त्याचा फायदा पुरुषांच्या तुकड्यांनाही झाला.

सुरुवातीला साशंक असलेल्या गॉसेज यांनी पुढे या मुलींचं जाहीर कौतुक केलं. बलून कमांडमध्ये या कामाची अवघडता त्यांच्याइतकी कुणालाच माहीत नव्हती.

८. रात्री वादळ आलं तर काय करत?

वादळात फुगा खाली घेऊन बांधून ठेवायचा, आणि बांधलेला फुगाही वाऱ्याच्या दिशेला तोंड करूनच ठेवायचा. वारा पूर्वेकडून उत्तरेकडे वळला तर सगळा फुगा त्याच्याबरोबर वळवायचा. म्हणजे दोर एकेक करून सोडायचे, पुढच्या कड्यांत अडकवायचे, पोती हलवायची, आणि हे सगळं चालू असताना फुगा निसटू द्यायचा नाही. पावसात, काळोखात, पायाखाली चिखल असताना. आडव्या वाऱ्यात फुगा सापडला तर तो फाटतो किंवा दोर तोडून निघून जातो.

कधी कधी रात्रभर तुकडी अशीच बाहेर असे. पुढे शेपटीकडून बांधण्याची एक पद्धत आली. तीत फुगा आपोआप वाऱ्याकडे वळू शकत असे आणि अशी रात्रीची धावपळ बरीच कमी झाली.

विजेचं भय वेगळंच. फुगा वर असताना वीज तारेवाटे खाली येई. त्या वेळी विंचला किंवा तारेला हात लागला तर जीव जाऊ शकत होता. निसटलेल्या फुग्यांचं पुढे काय झालं, ते प्रश्न १५ मध्ये आहे.

९. या मुली राहायच्या कुठे?

मैदानावरच. बागा, फुटबॉलची मैदानं, कारखान्यांची आवारं, शहराच्या कडेची शेतं अशा ठिकाणी पत्र्याच्या अर्धगोल झोपड्या असत. मध्ये कोळशाची शेगडी. पुरुषांच्या काळात जे चालून गेलं ते मुली यायच्या आधी सुधारावं लागलं. न्हाणीघर, संडास, नीट पडदे. या सुधारणांची फाइल चालली म्हणून काही मैदानं उशिरा हस्तांतरित झाली.

कपडेही बदलले. स्कर्ट घालून विंचवर चढता येत नाही. मग पँट, आखूड सैनिकी जाकीट, रबरी बूट, जाड मोजे आणि पावसाचा कोट मिळाला. त्या काळी रस्त्यात पँट घातलेली बाई दिसली की लोक वळून बघत. शहराच्या मध्यावर काम करणाऱ्या मुलींना तेही सोसावं लागलं.

१०. सगळं महिलाच बघत होत्या, की वर एखादा पुरुष असायचा?

बदल होत असताना काही मैदानांवर एखादा अनुभवी पुरुष मागे ठेवला जाई. स्थिर झालेल्या मैदानाची प्रमुख मात्र महिला सार्जंट किंवा कॉर्पोरल असे. फुगा वर न्यायचा की नाही, तुटलेली तार कशी आवरायची, वाऱ्यात कुणी कुठे उभं राहायचं हे तिच्या हुकमाने ठरे. वर स्क्वाड्रन आणि केंद्र पातळीवर पुरुष अधिकारी असत, पण ते रात्री दोन वाजता मैदानावर नसत.

महिलांनी ‘मदत केली’ असं अजूनही अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. शेकडो मैदानांवर त्यांनी काम पूर्णपणे चालवलं. दोन्हींत फरक आहे, आणि तो लिहिताना पाळला पाहिजे.

११. पगार पुरुषांएवढा होता का?

नाही. त्याच हुद्द्याच्या पुरुषाच्या साधारण दोन-तृतीयांश.

सोळाजणींनी दहाजणांची जागा घेतली म्हणून तसा पगार, असं समर्थन काहीजण करतात. ते टिकत नाही. दोन-तृतीयांशचा नियम सगळ्या वॅफला होता, टायपिस्टलाही आणि रडारवर बसणाऱ्या मुलीलाही. तो फुगे महिलांकडे येण्याआधीपासूनचा आहे.

१२. त्या सैनिक होत्या का? हत्यार मिळायचं का?

एप्रिल १९४१ पर्यंत वॅफच्या मुली कायद्याने धड सैनिकही नव्हत्या. त्या महिन्यात निघालेल्या नियमांनी वॅफ आणि लष्कराचं महिला दल एटीएस ही दोन्ही दलं राजाच्या सशस्त्र सेनांचा भाग ठरली.

हत्यार मात्र नाही. रात्री मैदानावर पहारा देणाऱ्या मुलीकडे दंडुका आणि शिट्टी. पुरुष पहारेकऱ्याकडे त्याच जागी रायफल असे. हायड्रोजनची नळकांडी, हजारो पौंडांची सामग्री आणि झोपलेल्या मैत्रिणी यांची राखण तिने दंडुक्यावर करायची होती.

१३. सक्तीची भरती होती का?

सुरुवातीला स्वयंसेविकाच. डिसेंबर १९४१ मध्ये ब्रिटनने २० ते ३० वयाच्या अविवाहित महिला आणि मुलं नसलेल्या विधवा यांना राष्ट्रीय सेवेसाठी बोलावण्याचा कायदा केला. सैन्यदल, नागरी संरक्षण किंवा युद्धउद्योग यांतून त्यांना निवड करता येई, आणि लेखी संमतीशिवाय कुणाही महिलेला प्राणघातक शस्त्र चालवायला लावायचं नाही अशी त्यात अट होती. त्यामुळे १९४२ मध्ये फुग्यांवर आलेल्या मुलींमध्ये दोन्ही प्रकारच्या सापडतील. आजीची हकीकत लिहिताना ती कोणत्या साली भरती झाली ते आधी पाहा.

१४. काम किती धोक्याचं होतं? आपलीच विमानं या तारांना धडकत नव्हती का?

धडकत होती, आणि ती झाकण्यासारखी गोष्ट नाही. खराब हवामानात वाट चुकलेली ब्रिटिश विमानंही तारांत अडकली आणि वैमानिक मेले. फुगे कुठे आहेत याची माहिती वैमानिकांना देण्याची, काही ठिकाणी सावधगिरीचे ध्वनिसंकेत सोडण्याची व्यवस्था होती. तरी अपघात झाले. तुटलेली तार छपरांवर आणि विजेच्या तारांवर पडून शहरातही नुकसान होई.

मैदानावरच्या मुलींना तार, हायड्रोजन, वीज आणि वारा या चारही गोष्टींचं भय होतं. शिवाय फुगे जिथे, तिथे बाँब. फुगे लावलेच होते ते ज्या जागांवर हल्ला होईल त्या जागांवर. संपूर्ण युद्धात वॅफच्या १८७ जणी मारल्या गेल्या आणि ४२० जखमी झाल्या असा अधिकृत आकडा आहे. तो सगळ्या कामांचा मिळून आहे. फक्त फुग्यांचा म्हणून तो छापू नका.

१५. निसटलेले फुगे स्वीडनपर्यंत गेले हे खरं का? आणि जर्मनीवर फुगे सोडणाऱ्या त्याच मुली का?

पहिलं खरं. सप्टेंबर १९४० मध्ये मोठ्या वादळात काही फुगे तुटून उत्तर समुद्रापार वाहत गेले. त्यांच्या लोंबत्या तारांनी स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या विजेच्या वाहिन्या बिघडवल्या. तेव्हा फुगे पुरुषांकडे होते, म्हणजे या प्रकरणाशी महिला तुकड्यांचा संबंध नाही.

त्या अपघातातून कल्पना निघाली की हेच मुद्दाम करावं. मार्च १९४२ पासून सप्टेंबर १९४४ पर्यंत ‘ऑपरेशन आउटवर्ड’ चाललं. फेलिक्स्टोजवळच्या लँडगार्ड किल्ल्यावरून, पुढे डोव्हरजवळूनही, तार लोंबणारे किंवा आग लावणारे छोटे फुगे वाऱ्यावर सोडले गेले. एकूण ९९,१४२. जुलै १९४२ मध्ये लाइपत्सिगजवळच्या बोलेन इथल्या वीजकेंद्राचं अशाच एका तारेने मोठं नुकसान झालं.

हे फुगे सोडायला शंभरावर मुली होत्या, पण त्या नौदलाच्या महिला दलाच्या, म्हणजे ‘रेन्स’. वॅफच्या नव्हेत. फुगेही वेगळे, आठेक फूट व्यासाचे, न बांधलेले. दोन्ही गोष्टी एकाच लेखात मिसळलेल्या दिसतात, त्यामुळे हा प्रश्न स्वतंत्र ठेवला आहे.

१६. १९४४ मध्ये व्ही-१ बाँब अडवले ते या महिलांनीच ना?

हे श्रेय सरसकट त्यांना देऊ नये. १३ जून १९४४ पासून जर्मनीचे उडते बाँब लंडनवर येऊ लागले तेव्हा शहराच्या दक्षिणेला हजारावर फुग्यांची दाट फळी उभारली गेली आणि तारांनी २३१ बाँब अडवले. पण तोवर बाँबहल्ले घटल्यामुळे महिलांच्या तुकड्या मोठ्या प्रमाणावर मोडल्या होत्या. घाईने हलवलेली ही फळी मुख्यतः पुरुषांनी सांभाळली. महिलांनी आधीची दोन-अडीच वर्षं जे केलं ते इतकं भरीव आहे की त्याला उसन्या श्रेयाची गरज नाही.

१७. इतर देशांत महिलांनी हे काम केलं का?

सोव्हिएत संघात, आणि तेही मोठ्या प्रमाणावर. मार्च १९४२ मध्ये हवाई संरक्षणासाठी एक लाख तरुण कम्युनिस्ट मुलींना बोलावण्याचा आदेश निघाला. मॉस्को आणि लेनिनग्राडमधले फुगे त्यानंतर बहुतांशी मुलींकडे आले. काही ठिकाणी एकाच तारेवर दोन फुगे जोडून ते अधिक उंच नेले जात.

फुग्यांना गॅस पुरवण्यासाठी हायड्रोजनने भरलेली मोठी कापडी टाकी रस्त्यावरून दोरांनी धरून चालत नेली जाई. दोन्ही बाजूंनी गणवेशातल्या मुली, मध्ये तरंगणारी टाकी, मागे दगडी इमारती. हे छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल. 

लेनिनग्राडच्या वेढ्यात पेट्रोल संपल्यावर बोरिस शेलिश्च नावाच्या तंत्रज्ञ अधिकाऱ्याने फुग्यांतला खराब झालेला हायड्रोजन लॉरीच्या इंजिनात वापरून विंच चालू ठेवले. ब्रिटनमध्ये असं करायची वेळ आली नाही.

१८. भारतात असे फुगे होते का? भारतीय किंवा मराठी महिलांनी हे काम केलं का?

कोलकात्यावर होते. डिसेंबर १९४२ मध्ये जपान्यांनी त्या शहरावर बाँबहल्ले केले. तिथले फुगे ब्रिटिश हवाई दलाच्या पुरुषांकडे होते. भारतातलं महिला सहायक दल १९४२ मध्ये सुरू झालं, आणि त्यातल्या मुलींकडे टेलिफोन, सांकेतिक संदेश, टंकलेखन, भांडार अशी कामं असत.

वॅफचा विषय निघाला की नूर इनायत खान यांचं नाव येतं. त्या नोव्हेंबर १९४० मध्ये वॅफमध्ये दाखल झाल्या, पण त्यांचं प्रशिक्षण बिनतारी संदेशाचं होतं, फुग्यांचं नव्हे. पुढे त्या गुप्त कामासाठी फ्रान्समध्ये गेल्या आणि सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाउ छळछावणीत त्यांना मारण्यात आलं. आपल्याला जवळचा धागा म्हणजे त्यांचे वडील हजरत इनायत खान बडोद्याचे, आणि वडिलांचे आजोबा मौलाबक्ष हे सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात संगीतशाळा काढणारे गवई.

१९. पाठ्यपुस्तकात एक चित्र असतं, मुली फुगा ओढताना. ते कुणाचं?

ब्रिटिश चित्रकार लॉरा नाइट यांचं, १९४३ चं. ठिकाण कॉव्हेंट्री, आणि चित्र लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. मागे कारखान्यांची धुराडी, पुढे दोर ओढणाऱ्या मुली. सरकारी युद्धचित्र समितीने ते काढवून घेतलं होतं आणि मुलींनी या कामाकडे यावं हाही त्यामागचा उद्देश होता. म्हणजे ते प्रचाराचं चित्र आहे, हे लक्षात ठेवून पाहावं. तरी मुलींचे खांदे, पाठी आणि दोरावरचे हात बघा. नाइट यांनी काम किती बारकाईने पाहिलं होतं ते त्यातून कळतं. नोव्हेंबर १९४० मध्ये बेचिराख झालेलं शहर निवडण्यातही अर्थ आहे.

२०. युद्धानंतर या मुलींचं काय झालं?

फुग्यांचं काम युद्ध संपायच्या आधीच संपलं. बलून कमांड फेब्रुवारी १९४५ मध्ये बरखास्त झाला. पण बहुतेक मुली १९४३ पासूनच दुसरीकडे हलवल्या जात होत्या: वाहनचालक, तंत्रज्ञ, स्वयंपाकघर, कार्यालय, जिथे जागा असेल तिथे. अवघड कौशल्य शिकून त्यात तरबेज झालेल्या मुलींना पुन्हा नवशिक्या म्हणून सुरुवात करावी लागली, आणि अनेकींच्या ते मनाला लागलं. शांततेच्या काळात पोलादी तार गुंफणाऱ्या बाईला कोण कामावर घेणार? युद्धोत्तर आठवणींत वैमानिक राहिले, रडार राहिलं, फुग्यांवरच्या मुली मागे पडल्या.

२१. माझ्या पत्नीची आजी बर्मिंगहॅमची. ती ‘फुग्यांवर होती’ असं घरात म्हणतात. खात्री कशी करायची?

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या लोकांकडून असे प्रश्न हल्ली येतात. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या सेवानोंदी संरक्षण मंत्रालयाकडे असत आणि आता त्या टप्प्याटप्प्याने लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात जात आहेत. अर्जासाठी तिचं लग्नाआधीचं नाव, जन्मतारीख आणि शक्य असेल तर सेवाक्रमांक लागेल. जुन्या पत्रावर किंवा वेतनपुस्तिकेवर तो क्रमांक सापडतो.

नोंदीत दोन गोष्टी शोधा. पहिली, ‘बलून ऑपरेटर’ हा कामाचा प्रकार. ‘फॅब्रिक वर्कर’ लिहिलं असेल तर ती हँगरमध्ये दुरुस्तीला होती (प्रश्न ३), मैदानावर नव्हे. दुसरी, स्क्वाड्रनचा क्रमांक. बलून स्क्वाड्रनचे क्रमांक नऊशेच्या मालिकेतले असत. उदाहरणार्थ शेफील्डला ९३९, ९४० आणि ९४१ होती. दोन्ही जुळलं तर घरातली गोष्ट खरी. तिने झोपडीबाहेर मैत्रिणींबरोबर काढलेला फोटो असेल, तर मागच्या बाजूला काही लिहिलं आहे का तेही बघून घ्या. बऱ्याच फोटोंवर मैदानाचा क्रमांक पेन्सिलीने लिहिलेला असतो.